कानात बोळे घातलेली फुलं

कोथरूडला माझं फुलांचं दुकान आहे. २००१ साली उघडलं. बी.एस्सी.ला वनस्पतिशास्त्र होतं. त्या पदवीचा कागद फ्रेम करून गल्ल्याच्या वर टांगला, म्हणजे गिऱ्हाइकाला वाटावं, बाईला फुलातलं कळतं. किती कळत होतं ते पुढे येतंच आहे. भाजीवाल्याची मेथी शिळी झाली तर निम्म्या भावात तरी जाते. शिळा बुके कुणी फुकटही नेत नाही. त्यामुळे इतकी वर्षं माझी सगळी अक्कल एकाच कामाला जुंपलेली आहे: आजचं फूल परवा कसं विकता येईल. त्यातून जे हाती लागलं, आणि जे हातावर बसलं, ते असं.

१. पाणी भरपूर असलं तरी फूल कोमेजतं. हे मला एका मे महिन्यात कळलं. दुसऱ्या दिवशीचं लग्न, मांडव पांढऱ्या आणि फिकट गुलाबी कार्नेशनचा ठरलेला, चारशे दांडे. तळेगावजवळच्या पॉलिहाऊसमधून सकाळीच माल आला होता. वीस-वीसच्या गड्ड्या, दांडे टणक, एकेक फूल टवटवीत. मागच्या खोलीत बादल्या भरल्या, एसी लावला, दार घट्ट ओढलं आणि स्वतःवर खूश होऊन घरी गेले. सकाळी सहाला दार उघडलं तर निम्म्याहून जास्त फुलं झोपली होती. दुसरा शब्दच नाही त्याला. पाकळ्या गळल्या नव्हत्या, रंगही उडाला नव्हता. गोधडीत तोंड खुपसून पोर झोपावं तशी एकेका फुलानं पाकळ्यांची कड आत ओढून घेतली होती. बादल्यांत पाणी काठोकाठ. मी दांडे पुन्हा छाटले, पाणी बदललं, कुणीतरी कधीतरी सांगितलं होतं म्हणून अ‍ॅस्पिरिनची गोळी टाकली. एकही उठलं नाही.

मग मी दुकानदार अशा वेळी जे करतो ते केलं. माल पाठवणाऱ्याला फोनवर धुऊन काढलं. दादा शांतपणे ऐकत राहिले. माझा दम संपल्यावर म्हणाले, "ताई, एक विचारू? खोलीत आंबे आहेत का?"

होते. देवगडहून दिरांनी पाठवलेल्या तीन पेट्या. घरी जागा नाही आणि इथे एसी आहे म्हणून मीच त्या खोलीत रचल्या होत्या.

२. शिकलेलं आणि कळलेलं यांच्यामध्ये एक अख्खा लग्नमांडव मावतो. फोन ठेवून मान वर केली तर समोर माझी पदवी. पिकणारं फळ इथिलीन नावाचा वायू सोडतं आणि तो वनस्पतीचं संप्रेरक आहे, हे मी परीक्षेत आकृतीसकट लिहिलं होतं. नेल्युबोव्हचं नाव पाठ होतं. सेंट पीटर्सबर्गमधला हा तरुण संशोधक अंधारात वाटाण्याची रोपं वाढवत होता आणि ती सरळ वर जायचं सोडून आडवी पसरत होती. बाहेरची हवा दिली की सरळ. खोलीतल्या दिव्यांच्या गॅसमध्ये दोष आहे, आणि गॅसमध्येही तो इथिलीनचा आहे, हे त्यानं १९०१ साली मांडलं. या उत्तराला मला चांगले मार्क पडले होते.

मांडव कसाबसा शेवंतीवर निभावल्यानंतर मी पुन्हा पुस्तकं काढली, तेव्हा जे सापडलं ते अभ्यासक्रमात नव्हतं. शिकागोतल्या फूलवाल्यांचं शंभर वर्षांपूर्वीचं गाऱ्हाणं असं होतं की काचघरातली कार्नेशनं "झोपी जातात". माझाच शब्द! तिथल्या विद्यापीठातले क्रॉकर आणि नाइट यांनी १९०८ साली या झोपेचा छडा लावला. कारण तेच, दिव्यांच्या गॅसची गळती. हवेच्या वीस लाख भागांत इथिलीनचा एक भाग बारा तास राहिला, तरी उमललेलं कार्नेशन मिटतं. वीस लाखांत एक. मी तीन पेट्या हापूस ठेवला होता.

३. आजीला जे हवं होतं, तेच मला नको होतं. आजोळी माळ्यावरच्या खोलीत आंब्याची आढी लागायची. खाली भाताचा पेंढा, त्यावर आंबे एकमेकांना जेमतेम टेकतील असे, वर पुन्हा पेंढा, त्यावर गोणपाट. दार लोटलेलं. आजी रोज संध्याकाळी पेंढ्यात कोपरापर्यंत हात घालायची, एक आंबा काढून देठापाशी हुंगायची आणि परत होता तिथे ठेवायची. आम्हा पोरांना उंबऱ्याच्या आत प्रवेश नव्हता. तिला ऊब हवी होती आणि कोंडलेली हवा हवी होती. त्या हवेत काय साठतं हे तिला ठाऊक नव्हतं. पण तिनं जे बांधलं होतं ते इथिलीनचं कोठारच होतं. दारं-खिडक्या बंद करून मीही तेच बांधलं, फक्त आत फुलं ठेवली.

"एक नासका आंबा आढी नासवतो" हे वाक्य लहानपणी माझ्या मैत्रिणींबद्दल घरात बरंच ऐकलं. त्यात संगतीपेक्षा रसायन जास्त आहे. इथिलीन लागलं की फळ स्वतःही आणखी इथिलीन करायला लागतं. पिकणारं सफरचंद हा वायू स्वतःच बनवतं, हे रिचर्ड गेन यांनी १९३४ साली सिद्ध केलं. कार्नेशनची तऱ्हा तीच. पेशीतल्या मेथिओनिनपासून दोन-तीन पायऱ्यांत हा वायू तयार होतो. त्यातली एसीसी नावाची हरवलेली पायरी १९७९ साली कॅलिफोर्नियात डेव्हिसला शांग फा यांग यांच्या प्रयोगशाळेत सापडली. यांग जन्माचे तैवानचे; या कामाबद्दल त्यांना पुढे १९९१ चं वुल्फ पारितोषिक मिळालं. मला, दुकानदार म्हणून, यातलं एकच वाक्य महागात पडलं होतं: आंबे बाहेर काढले तरी काम संपत नाही. बादलीच्या तळाशी एक म्हातारं फूल राहिलं, तर तेही इतरांच्या कानाला लागतं.

४. फुलाला निरोप येतो आणि ते ऐकतं. हे डोक्यात शिरायला मला सगळ्यात जास्त दिवस लागले. तोवर मी समजत होते की कोमेजणं म्हणजे काहीतरी कमी पडणं. पाणी कमी, गारवा कमी, माझी काळजी कमी. म्हणून मी वाढवत सुटले होते. आणि इथे प्रश्न होता पोचलेल्या निरोपाचा.

निरोप ऐकायला पेशीत कान असतात. प्रथिनाचे कान, त्यांच्या खोबणीत तांब्याचा अणू धरलेला असतो आणि इथिलीन येऊन तिथे टेकतं. मोहरीच्या कुळातलं अ‍ॅरॅबिडॉप्सिस नावाचं वीतभर रोप आहे. इथिलीनला दाद न देणारं, म्हणजे ठार बहिरं, असं त्यातलं एक रोप १९८८ मध्ये हाती लागलं, आणि त्यावरून या कानाचं जनुक १९९३ मध्ये ओळखता आलं. मला वाटलं होतं, दारावरच्या घंटीसारखं काहीतरी असेल. इथिलीननं दाबली की वाजली. निघालं उलटंच. इथिलीन नसतं तेव्हा हा कान सारखा "थांबा, अजून नाही" असं आत बजावत असतो. इथिलीन टेकलं की तो गप्प होतो, आणि मग आवराआवर सुरू होते. आमच्याकडे लग्नात एक आत्या असायच्या. मुहूर्त होईपर्यंत स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून त्या एकेकाला मागे परतवायच्या. त्यांचा डोळा लागला की लाडवांचं ताट रिकामं. इथिलीन म्हणजे आत्यांना झोपवणारी वाऱ्याची झुळूक.

तर आत्यांना जागं ठेवायचं. त्याची एक युक्ती अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठातल्या एडवर्ड सिसलर आणि सिल्विया ब्लँकेनशिप यांनी काढली. १९९६ मध्ये तिचं पेटंट झालं. नाव लांबलचक आहे, एक-मिथाइलसायक्लोप्रोपीन. धंद्यात सगळे वन-एमसीपी म्हणतात. हाही वायूच. तो इथिलीनच्या जागेवर जाऊन बसतो, पण निरोप देत नाही. एसटीच्या खिडकीतून आपण रुमाल टाकतो ना, तसं. रुमाल प्रवास करत नाही, तिकीट काढत नाही. फक्त जागा धरतो, आणि खरा प्रवासी उभा राहतो. हवेच्या एक अब्ज भागांत या रुमालाचे काहीशे भागही पुरतात. सफरचंदाच्या शीतगृहांत जगभर हाच वायू चालतो. मात्र पेशी नवे कान करत राहते, म्हणजे धावत्या एसटीला पुढच्या थांब्यावर नवी बाकं जोडावीत तसं, आणि त्या बाकांवर आपला रुमाल नसतो. म्हणून हा बंदोबस्त काही दिवसांचाच.

५. चांदी फुलाला बहिरं करते आणि दुकानदाराची बोटं काळी करते. वन-एमसीपीच्या आधीपासूनचा बोळा म्हणजे चांदी. चांदीचे आयन इथिलीनचा परिणाम रोखतात, हे एल्मो बायर यांनी १९७६ साली दाखवलं. कानातल्या तांब्याच्या जागी चांदी बसते आणि निरोप आत जात नाही. अडचण अशी की नुसतं सिल्व्हर नायट्रेट दांड्यात फार वर चढत नाही. नेदरलँड्समधल्या व्हेन आणि व्हान डे गाइन यांनी १९७८ साली त्याला थायोसल्फेटची जोड दिली, आणि तेच मिश्रण सरसर फुलापर्यंत पोचलं. त्याला म्हणतात एसटीएस.

आता थायोसल्फेट म्हणजे काय, तर फोटोवाल्यांचा हायपो. आणि माझ्या शेजारच्या गाळ्यात तेव्हा फोटो स्टुडिओ होता! मला हा दैवी संकेत वाटला. मी वाटी घेऊन गेले. काका चष्म्यावरून बघत म्हणाले, "काय गं, आता फुलांचे फोटो धुणार आहेस का?"

पहिल्या दिवशी मी सिल्व्हर नायट्रेट नळाच्या पाण्यात विरघळवलं. पाण्याचं दूध झालं. नळाच्या पाण्यात क्लोराइड असतं आणि त्याच्याशी चांदीची गाठ पडली की पांढरा गाळ बसतो, हे अकरावीच्या प्रयोगवहीत माझ्याच अक्षरात लिहिलेलं सापडलं असतं. दुसऱ्या दिवशी डिस्टिल्ड वॉटर आणलं, पण हायपो चांदीत ओतला. ओतायची असते चांदी हायपोत, थोडी थोडी, ढवळत. माझ्या भांड्यात चहाच्या चोथ्यासारखा काळपट गाळ. हातमोजे घालायचं सुचलं नव्हतं. दोन्ही दिवसांचे शिंतोडे बोटांवर आधी दिसले नाहीत, मग उन्हात गेल्यावर तपकिरी, मग काळे. पंधरा दिवस टिकले. बायका विचारायच्या, कुणाची मेंदी होती? तिसऱ्या दिवशी द्रावण पाण्यासारखं नितळ उतरलं. त्या आनंदात मी दांडे दोन-तीन तासांऐवजी रात्रभर त्यात ठेवले, आणि सकाळी पाकळ्यांच्या कडांवर भाजल्यासारखे डाग. काकांना दाखवलं. "फिक्सरमध्ये विसरलेला फोटोसुद्धा उडतो गं," म्हणाले आणि चहा मागवला.

एक गोष्ट सांगायला अजून लाज वाटते. पहिल्या दोन दिवसांचं बिघडलेलं पाणी मी मोरीत ओतलं. चांदी जड धातू आहे, पाण्यातल्या जिवांना अगदी थोडीही घातक असते, आणि कोथरूडची मोरी शेवटी नदीकडेच जाते. फूल आठवडाभर जास्त टिकावं म्हणून मासे मारायचे, हा हिशेब तेव्हा मनात आलाच नाही. पुढचं उरलेलं द्रावण काकांनी त्यांच्या वापरलेल्या फिक्सरच्या कॅनमध्ये घेतलं. त्यातली चांदी काढून घेणारा एक माणूस त्यांच्याकडे यायचा. तो ती किलोच्या भावात नेतो हे कळल्यावर मला उगाच आपण श्रीमंत होतो असं वाटलं.

६. उशिरा घातलेल्या बोळ्याचा काही उपयोग नाही. एवढी खटपट करून मी औषध देत होते ते बाजारात दोन दिवस फिरलेल्या फुलांना. ज्यानं निरोप ऐकला, त्याच्या कानात नंतर काहीही घाला. पाकळीची कड एकदा आत वळली की तिला चांदी परतवत नाही आणि वायूही नाही. हे काम तोडणीच्या दिवशी, शेतावर, फूल खोक्यात जायच्या आधी करायचं असतं. मी हे दादांना मोठ्या तोऱ्यात फोन करून सांगितलं. ते म्हणाले, "हो ताई. आम्ही परदेशी जाणाऱ्या मालाला देतोच. तुम्ही कधी मागितलं नाहीत." तीन दिवस हात काळे करण्याआधी एक फोन केला असता तर! तेव्हापासून माझा माल औषध पाजून येतो, गड्डीमागे चार पैसे जास्त लागतात आणि मी ते घासाघीस न करता देते. घासाघीस न करणं हा माझा स्वभाव नाही, हे दादांना माहीत आहे, म्हणून ते अधूनमधून फोनवर विचारतात, "ताई, तब्येत बरी आहे ना?"

७. सगळी फुलं एका निरोप्याचं ऐकत नाहीत. नवं नवं कळलं की माणसाला सगळीकडे तेच दिसतं. मला जिथे तिथे इथिलीन दिसायला लागलं. जरबेरानं तिसऱ्या दिवशी मान टाकली, मी दोष आंब्याला दिला; आंब्याचा मोसम नव्हता तरी. शेजारच्या फळवाल्याशी त्यावरून भांडून झालं. जरबेराला इथिलीनचं सोयरसुतक नसतं. त्याचा दांडा लुसलुशीत आणि आतून पोकळ. बादली घाणेरडी असली की जिवाणू वाढतात, पाणी वर चढायची वाट तुंबते आणि मान लवते. बादल्या घासा, पाणी चार बोटंच ठेवा, त्यात हायपोचे दोन थेंब टाका. हा हायपो म्हणजे पालिकेवाले फवारतात तो, सोडियम हायपोक्लोराइट. स्टुडिओवाल्या हायपोचा लांबचाही नातेवाईक नव्हे. शेवंतीच्या पाकळ्या आणि ग्लॅडिओलस हेही त्या वायूला फारशी किंमत देत नाहीत. डच गुलाबात घराण्याघराण्याचं वेगळं: एखाद्या जातीच्या पाकळ्या इथिलीननं टपटप गळतात, दुसरी ढिम्म. लिलीची फुलं धडधाकट असताना पानं पिवळी पडतात, तिथे तर निरोप अडवायचा नसतो, पाठवायचा असतो. जिबरेलिन हे दुसरं संप्रेरक दिलं की पानं हिरवी राहतात. फळवाल्याची मी माफी मागितली. त्यानं अर्धा डझन चिकू दिले. ते मी दुकानात न आणता थेट घरी नेले.

८. कोमेजणं हा फुलाचा पराभव असतो, हे माझं मीच ठरवलं होतं. ऑर्किडनं ते खोडून काढलं. फॅलेनॉप्सिसची एक कुंडी काउंटरवर होती, महिनाभर जशीच्या तशी. एका गिऱ्हाइकाच्या छोट्या मुलीनं मधल्या दांड्याच्या टोकाला बोट लावलं आणि तिच्या नखाला परागांची पिवळी टोपी चिकटून आली. "आई, याचं नाक निघालं," म्हणाली. दुसऱ्या दिवशी तेच एक फूल मलूल. बाकीची सात ताठ. टोपी निघाली, किंवा पराग आत पडले, की ऑर्किड इथिलीन सोडायला लागतं आणि पाकळ्या गुंडाळून घेतं. परागण झालं असेल तर आता माश्यांना बोलावणारा मांडव कशाला हवा? कार्नेशनमध्येही पाकळ्यांतलं उरलंसुरलं अन्न बीजांडकोशाकडे सरकतं. म्हणजे मी ज्याला माल खराब होणं म्हणते, ते फुलाच्या बाजूनं बघितलं तर काम उरकून झाकपाक करणं आहे. मुलीची आई ओशाळून कुंडीचे पैसे द्यायला निघाली होती. मी घेतले नाहीत. तिच्या नखावरची टोपी मात्र मागून घेतली आणि भिंगाखाली बघितली: दोन पिवळे चिमुकले गोळे, दव लागल्यासारखे चकचकीत.

९. औषधापेक्षा शेजार सांभाळणं स्वस्त पडतं. धूर म्हणजे अर्धवट जळलेलं काहीतरी, आणि त्यात इथिलीन आलंच. माझ्या दुकानात गणपतीच्या तसबिरीखाली कार्नेशनची बादली होती. सकाळ-संध्याकाळ दोन-दोन उदबत्त्या. बाहेर टेम्पो इंजिन चालू ठेवून दाराशी उभा राहायचा, गाडी बंद केली की परत सुरू होत नाही म्हणून. तसबीर हलवायची माझी हिंमत नव्हती, बादली हलवली. टेम्पोवाल्याला बॅटरी बदलायला पैसे उसने दिले. ते अजून यायचे आहेत. गारव्यात फूल हा वायू कमी करतं आणि कमी ऐकतं, म्हणून खोली थंड. रोज सकाळी म्हातारी फुलं वेचून बाहेर. दुकानातल्या मुलाला केळी खायची तर बाहेर कट्ट्यावर बसून. त्याला वाटतं, बाईंचं सोवळं आहे.

१०. टिकण्याचा मापदंड मी स्वतः गिऱ्हाइकाच्या हातात दिला आणि मग त्याच्याशी भांडत बसले. एसटीएस दिलेलं कार्नेशन चांगल्या बादलीत दुप्पट दिवस राहतं. एकदा कालनिर्णयवर खुणा करत बसले होते. एकाच तोडणीच्या दोन गड्ड्या, एकीला औषध, एकीला नाही. साधी गड्डी सहाव्या दिवशी झोपली. दुसरी बाराव्या दिवशी उभी होती. ती झोपलीच नाही. तेराव्या-चौदाव्या दिवशी पाकळ्यांच्या कडा कागदासारख्या कडक झाल्या, रंग धुतल्यासारखा उतरला, आणि तरीही फूल उघडं ते उघडंच. मला ते बघवेना. एक गृहस्थ मात्र सतराव्या दिवशी बुके घेऊन आले, "तुम्ही पंधरा दिवसांची खात्री दिली होती, हे आता सुकलंय," म्हणून.

आई माझ्या दुकानात मोगऱ्याचे गजरे करून द्यायची. कळ्या दुपारी ओवायच्या, ओल्या फडक्यावर केळीच्या पानात गुंडाळायच्या, संध्याकाळी द्यायच्या. रात्री उमलणार, सकाळी संपणार. इतक्या वर्षांत गजरा परत घेऊन कुणीही आलेलं नाही. आईला मी एकदा इथिलीन, कान, आत्या, एसटीतला रुमाल, सगळं समजावून सांगितलं. तिनं दोरा दातानं तोडला आणि विचारलं, "म्हणजे तुझं फूल म्हातारं होतं, पण त्याला कुणी कळवत नाही?" मी अजून त्यावर उत्तर शोधते आहे. धंदा मात्र कार्नेशनवरच चालतो.

तुमच्याकडे फुलदाणी आणि फळांची परडी एकाच टेबलावर असेल, तर दोन्हींपैकी एक आत्ताच उठून दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवा. देवगडच्या पेट्या परवा आल्या आहेत. माझ्या घरी त्या पलंगाखाली आहेत आणि मी रात्री त्या वासातच झोपते.